चौघांची पाचवी

अनुश्रीनं ओट्यावर पाच ताटं मांडली होती. ताटं कसली, वडाची पानं ती. प्रत्येक पानावर चिमूटभर माती, ती भाजी. दोन दोन खडे, त्या भाकरी. चैताचं ऊन अंगणात पसरलं होतं, शेजारच्या माळवदावर शिजवलेली हळद वाळत होती आणि तिचा उग्र वास हिंगोलीच्या त्या अख्ख्या गल्लीवर पांघरुणासारखा पडला होता.

रेवती सुपात गहू घेऊन दारात आली आणि पानं मोजून तिथंच थबकली.

"कोण जेवणार गं एवढं?"

"आम्ही," लेक मान वर न करता म्हणाली.

"आम्ही म्हणजे कोण?"

"आम्ही सगळे. आले नाहीत ना अजून. मी वाट बघून राहिले."

सुपातले गहू एका कडेला ओघळले. सकाळीच नांदेडच्या दवाखान्यातून फोन आला होता. फोनवरची बाई अगदी गोड बोलली होती. म्हणाली, ताई, तुमची चार भ्रूणं आमच्याकडं ठेवलेली आहेत, त्यांची मुदत संपत आली. पुढं काय करायचं ते दोघं नवरा-बायको येऊन लिहून द्या. चार तिथं, एक इथं. रेवतीनं पुन्हा पानांकडं पाहिलं. पाच.

लग्नाला वर्षांमागून वर्षं झाली, नवस झाले, अंगारे झाले, तरी कूस उजवेना, तेव्हा अपूर्वनं तिला नांदेडला नेलं होतं. तिथं तिची बीजं काढली, काचेच्या बशीत अपूर्वच्या बीजाशी त्यांची गाठ घातली. पाच रुजली. त्यातलं एक तिच्या पोटात ठेवलं, तीच ही अनुश्री. बाकीची चार गोठवली. पण बाळंतपणात रक्त थांबेना, जीव वाचवायला पिशवीच काढावी लागली. त्या चौघांना ठेवायला आता रेवतीपाशी जागाच उरली नव्हती. अनुश्री चार वर्षांची होत आली, तरी ते मात्र होते तेवढेच होते. तिकडं, थंडीत.

त्या फोनपासून तिनं फ्रिजचा वरचा कप्पा उघडला नव्हता. आतल्या पांढऱ्या बर्फाकडं बघवत नव्हतं.

*

सासूबाईंना सांगावं की न सांगावं, असं करता करता दुपारी चहाच्या वेळी तिच्या तोंडून निघून गेलं. सुनीतीबाई परातीत शेंगदाणे निवडत होत्या. त्यांचा हात थांबला.

"चार आहेत अजून?" त्यांनी विचारलं. "मला वाटलं ते तेव्हाच विरघळून गेले असतील."

"नाही आई. ठेवलेत."

"किती दिवसांचे होते गं ते, ठेवले तेव्हा?"

"पाच दिवसांचे. पाच दिवस बशीत वाढवतात, मग गोठवतात, असं सांगितलं होतं त्यांनी."

सुनीतीबाईंचा चेहरा हळदीच्या पाण्यासारखा पिवळा पडला.  त्या हळूच म्हणाल्या, "पाचवा दिवस. म्हणजे पाचवी झाली की त्यांची. आणि पूजा कुणी केली?"

रेवतीला हसू यायला हवं होतं. आलं नाही.

सुनीतीबाई या घरात आल्यापासून गल्लीतलं एकही लेकरू त्यांच्याशिवाय पाचवीला पुजलं गेलं नव्हतं. न्हाणीपाशी पाटा मांडायचा, त्यावर सुपारीची सटवाई बसवायची, तुपाचा दिवा, आणि पुढ्यात कोरा कागद नि बोरू. सटवाई येते, दिव्याच्या उजेडात लेकराचं कपाळ बघते आणि लिहून जाते. अनुश्रीच्या पाचवीला सगळ्या बायांनी मिळून म्हटलेली ओवी रेवतीच्या कानात अजून होती:

पाचवीच्या रातीला गं, दिवा ठेविते तुपाचा
सटवाई माझे बाई, लेख लिहावा रुप्याचा

"तिथं दिवा न्हाई, कागद न्हाई," सुनीतीबाई पुटपुटल्या. "ती तर चुकत न्हाई ना पोरी. पाचव्या दिवशी ती येतेच. आली असंल. पोलादाच्या डब्यापाशी उभी राहिली असंल बोरू भिजवून. चौघांचा लेख हातात, आणि कपाळ एकाचंही दिसंना. मग तिनं काय केलं असंल?"

"आई, नका ना."

"भिजलेला बोरू कोरडा न्हाई करत ती. कुठं तरी लिहावंच लागतं तिला." त्यांनी ओट्याकडं पाहिलं. "ज्याचं कपाळ सापडलं, त्याच्यावर."

ओट्यावर अनुश्री पाचव्या पानावर खडे ठेवत होती.

संध्याकाळी अपूर्व कोर्टातून आला. तो तिथं कारकून होता आणि सगळ्या दुनियेकडं फायलीतून बघायची त्याला खोड होती. त्यानं आईचं सगळं ऐकून घेतलं नि म्हणाला, "सटवाईला आता पुढची तारीख देऊन टाक, आई. हजर राहा म्हणावं."

"थट्टा करू नको, अपू. जीभ झडंल."

"अगं, सोप्पं आहे. तिथल्या बाईनं तीन रस्ते सांगितलेत. अजून ठेवा, नाही तर काढून टाका, नाही तर संशोधनाला द्या. आपल्याला एक लेकरू आहे, आपण भरून पावलो. काढून टाका म्हणू. एक सही तुझी, एक माझी. काहून एवढं घाबरून राहिलीस तू, रेवती?"

 'काढून टाका' हे शब्द त्या घरात उच्चारले गेले, एवढं मात्र रेवतीनं मनात धरलं.

*

दुसऱ्या दिवशी भर दुपारी गल्लीत कुल्फीवाल्याची घंटी वाजली. अनुश्री धावत सुटली.

"बर्फ नको!" रेवती ओरडली. ती ओरडली ते तिचं तिलाच ऐकू आलं, इतकं मोठ्यानं. तिनं लेकीचा दंड धरून मागं ओढला. लेकरू हिसका देऊन फिरलं, पाय घसरला आणि अंगणात उभ्या करून ठेवलेल्या पाट्याच्या कोपऱ्यावर तिचं डोकं आपटलं.

त्याच पाट्यावर तिची पाचवी पुजली होती.

रक्त डोळ्यांत आलं. रेवतीनं पदर दाबला, तोही लाल झाला. आजोबा बंडोपंत देवळातून पूजेच्या सोवळ्यातच धावत आले, त्यांनी रिक्षा थांबवली, डॉक्टरनं टाके घातले. घरी आणलं तेव्हा अनुश्री हुंदके देत कुल्फीच मागत होती. लेकरू ठीक होतं. तिच्याकडं बघणाऱ्या दोघी बाया ठीक नव्हत्या.

"कपाळावरच," सुनीतीबाई भिंतीला टेकून म्हणाल्या. "बराबर कपाळावर. पाच जणांचा लेख एवढ्याशा जागेत मावंना गं. फाटलं ते."

"मी ओढलं तिला, आई. माझ्या हातानं झालं."

"हात तुझा. लेख कुणाचा?"

त्या दिवसापासून रेवतीच्या पोटात एक गार खडा बसला. लेक शिंकली तरी तो हले. काढून टाकायचं नुसतं म्हटलं तर कपाळ फुटलं. खरोखर सही केली तर? ठेवा म्हटलं, तर ते चौघं असेच थंडीत उभे राहणार, आणि अनुश्री रोज त्यांची पानं मांडणार. आणि संशोधनाला द्यायचं म्हणजे काय, ते तर तिला माहीतच नव्हतं. डोळ्यापुढं काही भलतंच येई. बश्यांमधून सुटे सुटे वाढणारे डोळे, बोटं, इवलंसं काळीज. तिसऱ्या रस्त्याचीच तिला सगळ्यांत जास्त भीती वाटे, आणि तोच पुन्हा पुन्हा मनात येई.

*

नांदेडला जायच्या दिवशी अनुश्रीला आजोबांपाशी ठेवलं. सुनीतीबाई पहाटेच न्हाऊन, कापडी पिशवी घेऊन दारात उभ्या. पिशवीत चार सुपाऱ्या, हळदकुंकू, तुपाची वात, कोरा कागद आणि बंडोपंत ज्यानं पत्रिका लिहीत तो बोरू.

"आई, दवाखाना आहे तो," अपूर्व म्हणाला. "तिथं दिवा लावला तर आधी घंटा वाजंल, मग छतातून पाणी पडंल, मग पोलीस."

"दिवा न लावता करीन. पण राहिलेली पाचवी करून मगच सही. चल."

एसटी कळमनुरीहून पुढं निघाली. आखाडा बाळापूरला बाजाराचा दिवस होता. रस्त्याच्या कडेला हळदीची पोती, टरबुजांचे ढीग, बसच्या खिडकीला चिकटलेले काकडीवाले. काच इतकी तापली होती की हात लावला तर चटका बसे. रेवतीला मात्र घाम येत नव्हता. ती मनातल्या मनात म्हणत होती, देवा, लेकराचं कपाळ जप. दुसरं काही मागायचं तिला सुचत नव्हतं.

दवाखान्यात त्यांना भेटली ती पुजा राठोड. बशीत बीजं रुजवायचं, वाढवायचं आणि गोठवायचं काम तिचं. केस टोपीत, पायांत सपाता. सुनीतीबाईंची पिशवी बघून तिनं विचारलं, "मावशी, हिंगोलीहून आल्या का? मी बाळापूरच्या पुढच्या तांड्यावरची. बाबूसिंगची लेक."

"मग तर आपलीच झालीस. बाई, मला सांग, आमचे चौघं कुठं आहेत?"

पुजानं त्यांना एका काचेपाशी नेलं. आतल्या खोलीत दुधाच्या कॅनसारखी पोलादाची बुटकी भांडी ओळीनं उभी होती. एका माणसानं झाकण उचललं तशी पांढरी वाफ कडेनं उतरून जमिनीवर पसरली, भुईसरपट चालत काचेपर्यंत आली. रेवती एक पाऊल मागं सरकली.

"भिऊ नका, ताई. थंडीचीच वाफ ती. आपल्या बर्फाहून कितीतरी गार असतं आत."

"तकलीफ होत असंल त्यांना," सुनीतीबाई म्हणाल्या.

"तकलीफ व्हायला शीर लागते, मावशी. ती न्हाई अजून त्यांना. या, दाखवते."

तिनं संगणकावर एक चित्र उघडलं. गोठवण्याआधी त्या चौघांतल्याच एकाचं घेतलेलं. काळ्या पडद्यावर एक फिकट गोल, साबणाच्या फुग्यासारखा. आतून पोकळ, आणि एका बाजूला आतल्या अंगाला चिकटलेला बारीक दाण्यांचा झुबका.

रेवती श्वास धरून बघत राहिली. तिला वाटलं होतं इवलेसे मिटलेले डोळे दिसतील. तशी तयारी करून ती आली होती. डोळे नव्हते, हात नव्हते. नुसता एक गोल, आणि तरी तो आपला, हे तिला आतून कळत होतं, आणि त्याचंच भय वाटत होतं.

"खरा आकार सुईच्या टोकाएवढा," पुजा म्हणाली. "शंभर-दीडशे पेशी असतील सगळ्या मिळून. ही बाहेरची साल दिसते ना, तिची पुढं वार होते, पोटात लेकराला पोसणारी. आणि हा आतला झुबका, त्यातून लेकरू होतं. हा पोटात रुजला तर."

सुनीतीबाईंनी चष्मा वर सरकवला, पडद्याला नाक लावलं. "कपाळ कुठंशी आहे?"

"कपाळ?"

"पाचवी झाली ना ह्यांची. कपाळ दाखव मला."

अपूर्वनं खाली मान घातली. पुजा मात्र हसली नाही. ती तांड्यावर वाढलेली होती. पाचव्या दिवसाचं भय तिला कुणी समजावून सांगायला नको होतं.

"मावशी, तुमचा पाचवा दिवस जन्मल्यापासूनचा. हा पाचवा दिवस दोन बीजं एक झाल्यापासूनचा. ह्याला जन्मच न्हाई, तर पाचवी कुठली? आणि कपाळ तर सोडाच, कपाळ कोणत्या पेशीचं व्हायचं तेसुद्धा अजून ठरलेलं न्हाई. हा जो झुबका आहे ना, त्यातल्या एकाही पेशीला अजून कुणी सांगितलेलं न्हाई की तू डोळा हो, तू हाड हो, तू काळीज हो. सगळ्या सारख्या. त्यांतली कुणीही काहीही होऊ शकते. म्हणून तर शास्त्रज्ञांना त्या पाहिजे असतात. मूळपेशी म्हणतात त्यांना. स्टेम सेल."

"म्हणजे हळदीचं बेणं," सुनीतीबाई म्हणाल्या.

"जवळजवळ. पण बेणं लावलं की अख्खं झाड येतं. ह्या पेशी बाहेर काढल्या की त्यांतून अख्खं लेकरू न्हाई येत. वार करणारी साल मागं राहिली ना. त्या बशीत नुसत्या वाढत राहतात. एकीच्या दोन, दोनाच्या चार. मग त्यांना हळूहळू शिकवतात. डोळ्याच्या पडद्याची पेशी हो, काळजाची हो, साखरेच्या रोगात जी मरते ती हो. त्यांच्यावर औषधं तपासतात, आजार समजून घेतात. उद्याच कुणी बरं होईल असं मी सांगणार न्हाई. काम चालू आहे, बस."

"आणि ज्याच्यातून काढल्या," रेवतीनं पहिल्यांदाच तोंड उघडलं, "तो गोल?"

पुजानं क्षणभर तिच्याकडं पाहिलं. "तो राहत न्हाई, ताई. झुबका काढला की ते भ्रूण संपतं. खोटं कशाला सांगू? काढून टाकलं तरी संपतं. ठेवलं तर मुदतीपुरतं थांबतं. तिन्हींतून एक तुम्ही दोघांनी सांगायचं. घाई न्हाई."

सुनीतीबाई खुर्चीत मागं टेकल्या. इतक्या दिवसांचा त्यांच्या खांद्यांतला ताण उतरला. "कपाळच न्हाई म्हणे," त्या स्वतःशी बोलल्या. "मग ती आलीच न्हाई. कशाला येईल? मी उगीच लेकराला घोर लावला." त्यांनी पिशवीतून एक सुपारी काढली, कातरली आणि चक्क तोंडात टाकली. "अपू, चहा मिळतो का रे इथं?"

*

रेवती बाहेर व्हरांड्यात येऊन उभी राहिली. सासूबाईंच्या पोटातला खडा विरघळला होता. तिच्या पोटातला अजून गार पडला.

सटवाई आली नव्हती. म्हणजे त्या चौघांचं कुणीच काही लिहिलेलं नव्हतं. आजवर भिऊन का होईना, तिला एक आधार होता. जे होईल ते कुणीतरी आधीच लिहिलेलं आहे. आता नुसती काळी पाटी होती आणि खडू तिच्या हातात होता. सटवाई निदान रात्री येते, कुणाला दिसत नाही, कुणी तिला जाब विचारत नाही. रेवतीला भर दुपारी, चार माणसांदेखत, स्वतःचं नाव घालून लिहायचं होतं. आणि संशोधनाला दिलं, तर त्या पेशी वाढतच राहतील. आपण राख होऊ, अनुश्री म्हातारी होईल, आणि कुठल्याशा शहरातल्या बशीत आपलं असं काहीतरी एकाचं दोन होत राहील, आपल्याला न ओळखता. 

तिचा फोन वाजला. बंडोपंतांचा व्हिडिओ कॉल. पडद्यावर आधी नुसतं छत दिसलं, मग आजोबांचा अर्धा कान, मग अनुश्री. कपाळावर पांढरी पट्टी.

"आई, कधी येणार तू?"

"येते गं. दुखतं का?"

"नाही. मी जेवण केलं. बघ." पडदा डुलला, ओटा दिसला, ओट्यावर वडाची पाच पानं.

 आज पहिल्यांदाच रेवतीनं ते विचारलं, जे त्या दिवशी विचारायला ती भ्याली होती. "कुणाकुणाचं आहे ते, अनू?"

"अगं, हे आजोबांचं. हे आजीचं. हे बाबाचं, त्याला भाजी जास्त. हे माझं." लेकरानं शेवटच्या पानावर बोट टेकवलं. "आणि हे तुझं. तू येतच नाहीस लवकर. गार होऊन राहिलं सगळं."

मागून आजोबा म्हणाले, "मला म्हणते, तुम्ही पण थांबा, आई आल्याशिवाय घास उचलायचा नाही. उपाशी बसवलंय मला कधीचं!"

रेवती भिंतीला टेकून हसली, आणि हसता हसता तिला रडू फुटलं. पाचवं पान तिचं होतं. पहिल्या दिवसापासून तिचंच होतं. त्या चौघांनी कधी काही मागितलं नव्हतं. त्यांना तोंड नव्हतं, हात नव्हते, थंडीतून चालत यायला पाय नव्हते. लेकीचा दंड ओढला होता तो भ्यालेल्या आईनं.

तिनं डोळे पुसले. भीती गेली नाही. पण त्या भीतीमागं आता कुणी उभं नव्हतं. ती रेवतीची एकटीची झाली होती.

आत येऊन ती खुर्चीवर बसली. अपूर्वनं विचारलं, "काय करायचं? तू म्हणशील ते. ह्यावेळी थट्टा नाही."

"थंडीत नको ठेवायला," ती म्हणाली. "आणि टाकायचं पण नाही. देऊ."

"नक्की?"

"नक्की नाही. पण देऊ."

अपूर्वनं आधी सही केली, कोर्टातल्यासारखी झरझर. मग पेन तिच्याकडं आलं. तिनं पेनाचं टोक कागदावर टेकवलं आणि ते तिथंच अडलं. सुनीतीबाईंनी उठून तिच्या मनगटाखाली आपला तळहात धरला. त्या आतल्या आत काही गुणगुणत होत्या. कान दिला तर कळत होतं, पाचवीचं नव्हतं ते, शेतात हळद लावतानाचं होतं:

हळदीच्या बेण्याला गं, मातीआड फुटे डोळा
कुणी नाही सांगितला त्याला गाव, त्याला मळा

रेवतीनं सही केली. रेवती या नावाचं शेवटचं अक्षर वाकडं गेलं. काही कोसळलं नाही. काचेपलीकडं कुणीतरी झाकण लावलं आणि जमिनीवरची वाफ विरून गेली.

"कधी करणार?" तिनं विचारलं.

"आज न्हाई," पुजा म्हणाली. "अजून मंजुऱ्या आहेत. मधे मन फिरलं तर मला फोन करा, ताई. काम सुरू व्हायच्या आधी, केव्हाही."

हे ऐकून रेवतीला सुटल्यासारखं वाटायला हवं होतं. उलट तिला कळलं, की आता किती तरी दिवस फोन समोर ठेवून बसायचं आहे.

बाहेर ऊन मी म्हणत होतं. सुनीतीबाईंनी पिशवीतला कोरा कागद काढला, घडी घातली आणि बोरूसकट तिच्या हातात दिला. "घरी ने. अनूला चित्र काढायला होईल."

एसटीत बसल्यावर तिनं आधी फोन काढला. पुजाचा नंबर तिनं जपून ठेवला होता. तिनं तो उघडला, मिटला, पुन्हा उघडला. बाळापूर आलं, हळदीचा वास खिडकीतून आत शिरला.

"लवकर जायला पाहिजे," ती म्हणाली. "आजोबा उपाशी बसलेत."